अनुभव धागा: चाक फुटपाथवर किंवा डिव्हायडरवर आपटल्यावर काय काय निघालं?

पावसाळा आला की कुणी ना कुणी विचारतंच, "फुटपाथच्या दगडाला चाक आपटलं, पण गाडी नीट चालतेय. दाखवायची गरज आहे का?" गरज आहे, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी तर नक्कीच. तो दणका टायर, रिम, बेअरिंग, टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), शॉकअप असा वर चढत जातो. बऱ्याच ठिकाणी नुसती अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून गाडी परत देतात. अलाइनमेंटने टो (चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलीय तो कोन) जुळतो, वाकलेला आर्म वाकलेलाच राहतो. माझं सगळं म्हणणं एवढ्याचसाठी आहे.

तुमच्या गाडीचं काय झालं, कसं लक्षात आलं, काय बदलावं लागलं ते लिहा. दुचाकीवाल्यांनीही लिहा.

पुणे, हॅचबॅक (धागाकर्ता)
सातारा रोडवर पाणी साचलेलं, त्यात बीआरटीच्या (बसच्या वेगळ्या मार्गिकेच्या) कठड्याचं टोक बुडालेलं. पुढचं डावं चाक त्यावर चढलं. टायर शाबूत, लोखंडी रिमची कड थोडी दबलेली. पण गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग डावीकडे कललेलं धरावं लागत होतं. अलाइनमेंटच्या कागदावर टो हिरव्यात आणून दिला आणि "झालं" म्हणाले. त्याच कागदावर कॅम्बर (उभं चाक वरून किती आत-बाहेर कललंय तो कोन) उजवीकडे उणे 0.3 अंश होता आणि डावीकडे अधिक 1.1. या गाड्यांना पुढचा कॅम्बर जुळवायची सोय सहसा नसते. दोन्ही बाजूंत एवढी तफावत म्हणजे काहीतरी वाकलंय. गाडी लिफ्टवर चढवायला लावून दोन्ही लोअर आर्म शेजारी-शेजारी ताडून पाहिले. डाव्याला मागच्या बुशजवळ (आर्मच्या सांध्यातलं रबर) घडी पडली होती, तिथला काळा रंग पोपडा होऊन सुटला होता आणि खाली ताजं लोखंड चमकत होतं. ठोकून सरळ करू म्हणाले, मी नको म्हटलं. घडी पडलेला पत्रा तिथेच पुन्हा दुमडतो. नवीन आर्म टाकला, मग परत अलाइनमेंट. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे घट्ट करून घ्या, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

नाशिक, सेदान
आम्हाला समृद्धीने नागपूरला जायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी हवा भरायला गेले. पंक्चरवाले काका म्हणाले, "ताई, चाक खोलून बघू." बाहेरून टायर चकचकीत, आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा! आतले धागे तुटले की हवा तिथलं रबर बाहेर ढकलते. त्याला पॅच चालत नाही, टायरच बदलायचा. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मुभा आहे. त्या वेगात, तापलेल्या काँक्रीटवर तो फुटला असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही. आतली बाजू उभ्या गाडीत दिसत नाही. चाक उतरवाच.

कोल्हापूर, मोटरसायकल
हँडल सरळ धरलं की चाक तिरकं. मिस्त्रींनी आधी टीचे (फोर्कचे पाइप धरून ठेवणाऱ्या पट्टीचे) बोल्ट सैल करून पाहिलं, कारण कधीकधी फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) नुसता पिळलेला असतो आणि तेवढ्यानेच भागतं. माझ्यात भागलं नाही. मग पाइप काढून जाड काचेवर लोळवला. एका जागी पाइपखाली उजेडाची फट दिसली, म्हणजे वाकलाय. पाइप आणि ऑइल सील बदललं, रिंगची आउट (फिरताना होणारी डुगडुग) काढली.

टोरांटो
इथे बर्फावरून गाडी आडवी घसरते आणि मागचं चाक बाजूने कर्बवर (फुटपाथच्या कडेवर) बसतं. समोरून बसलेल्या धक्क्यापेक्षा हा वाईट, कारण सगळा भार हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि बेअरिंगवर येतो. माझ्या गाडीत आधी काहीच जाणवलं नाही. मग वेगाबरोबर वाढणारी घुंऽघुं सुरू झाली. उजवीकडे वळताना वाढायची, डावीकडे वळताना कमी व्हायची. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून डावं बेअरिंग. तेच निघालं.

> धागाकर्ता: दादा, मागच्या चाकाचं लिहिलंत ते फार बरं झालं. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे सलग बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असतो आणि तिथला टो जुळवता येत नाही, आकडा बिघडला तर काहीतरी वाकलंय असंच समजायचं. म्हणून चारही चाकांचे आकडे मागून घ्यावेत.

ठाणे
विम्याचं सांगते. काहीही खोलण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढा, सर्वेअर (कंपनीचा नुकसान पाहणारा माणूस) येऊन जाऊ द्या. साध्या पॉलिसीत टायरचं नुकसान गाडीलाही त्याच वेळी मार बसला असेल तरच धरतात, आणि तेही 50 टक्के. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत असतो, क्लेम केला की तो जातो. एकटा टायर आणि अलाइनमेंट असेल तर खिशातून केलेलं परवडतं. आर्म, शॉकअप, अलॉय (मिश्रधातूची रिम) असं सगळं असेल तर क्लेम करा.

नागपूर, एसयूव्ही
80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं, बॅलन्सिंग करूनही तसंच. एका जुन्या मिस्त्रींनी चाक उचलून फिरवलं आणि रिमच्या आतल्या कडेला खडू टेकवून धरला. एकाच जागी पांढरा पट्टा उमटला, तिथे रिम बाहेर आलेली. नीट पाहिलं तर त्या जागी केसासारखी चीरही होती. अलॉयला चीर असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका. मी रिम बदलली, थरथर गेली.