बालीची लेव्ही निघण्याआधी घरूनच भरायची, हे पटतं का?

सांजवात

मागच्या महिन्यात आईबाबांना बालीला पाठवलं. बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली, आणि दोघांचा हा पहिलाच परदेश प्रवास. तिकिटं, हॉटेल, व्हिसा सगळं दोन महिने आधी उरकलं होतं. निघायच्या आदल्या रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा मेसेज आला, "लेव्ही भरलीस ना?" मला हा शब्दच नवीन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेव्ही म्हणजे पर्यटकांवरचा कर: १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाला एका फेरीचे १,५०,००० इंडोनेशियन रुपिया, म्हणजे आपले साधारण आठशे रुपये भरावे लागतात. 'लव्ह बाली' नावाच्या सरकारी साइटवर किंवा ॲपवर पासपोर्ट नंबर आणि येण्याची तारीख टाकायची, पैसे भरायचे, मग ईमेलवर क्यूआर कोड येतो. व्हिसा ऑन अरायव्हलचे ५,००,००० रुपिया वेगळे.

घाईत सर्च केलं आणि वर आली ती पहिली साइट उघडली. भातखाचरांचा फोटो, देवळाचं चिन्ह, सगळं सरकारी वाटत होतं. दोघांचे मिळून तीन हजारांच्या वर गेले. पैसे गेल्यावर लक्षात आलं की हा भलताच कुणीतरी मध्यस्थ होता. त्याने पाठवलेला कोड खरा की खोटा हे कळेना, म्हणून पुन्हा खऱ्या साइटवर गेले. तिथे बाबांचं कार्ड तीनदा नाकारलं गेलं. आईने तोवर पासपोर्ट दोनदा बॅगेत ठेवून दोनदा बाहेर काढले होते. शेवटी माझ्या कार्डावर झालं, तेव्हा एक वाजला होता. पहाटे चारला गाडी येणार होती.

बालीच्या विमानतळावर कुणी कोड विचारलाच नाही.

आठशे रुपयांबद्दल माझी तक्रार नाही. त्या बेटाने पाहुण्यांकडून काही घ्यावं हे मला मान्यच आहे. पण ते वेगळ्या साइटवर, आधी, ज्याचं त्याने शोधून भरावं ही पद्धत मला चुकीची वाटते. जपानने २०१९ मध्ये देश सोडणाऱ्यांकडून १,००० येन घ्यायला सुरुवात केली, ते विमानाच्या तिकिटातच धरले. न्यूझीलंड आपली पर्यटक लेव्ही व्हिसाच्या अर्जाबरोबरच घेतं. ती तर ऑक्टोबर २०२४ पासून ३५ ची १०० डॉलर झाली. माणसाला एकदाच पैसे भरू द्या. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

तुमच्या आईबाबांना त्रास झाला हे वाईटच. पण व्हिसात किंवा तिकिटात मिसळा म्हणणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण इंडोनेशियाच्या कारभारात आहे. व्हिसाचे पैसे जातात जकार्ताला, केंद्र सरकारकडे. ही लेव्ही बाली प्रांताची आहे. २०२३ मध्ये प्रांताला परदेशी पाहुण्यांकडून असा आकार घ्यायचा कायदेशीर अधिकार मिळाला, आणि तो बालीची संस्कृती आणि निसर्ग राखण्यासाठी. उद्या हे पैसे व्हिसात घातले तर आधी जकार्तात जमा होणार आणि मग प्रांताने आपला वाटा मागत बसायचं. आपल्याकडे राज्यं केंद्राकडे जीएसटीची भरपाई मागत होती ते दिवस आठवा.

जपानचा कर सगळ्या देशाचा आहे, म्हणून तो तिकिटात बसतो. हा एका बेटाचा आहे. जकार्ताला उतरून जावा फिरून फेरीबोटीने बालीला येणाऱ्या माणसाच्या तिकिटात तो कसा घालणार?

आणि 'आधी भरा' यात मला काहीच गैर दिसत नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर भरतोच की आपण. तिथे सुट्टीच्या दिवशी किती वेळ रांगेत जातो तेही पाहतो. घरून भरून गेलं तर ती रांगच नको.

तिखटमीठ

मला मुळात लेव्हीच पटत नाही. बालीत हॉटेलच्या आणि जेवणाच्या बिलावर दहा टक्के स्थानिक कर असतोच, वर सर्व्हिस चार्ज वेगळा. देवळांची तिकिटं वेगळी. आठवडाभर राहणारा माणूस आठशेपेक्षा कितीतरी जास्त कर नकळत देऊन येतो. मग दारातच पुन्हा हात पुढे कशाला? इंडोनेशियाच्याच दुसऱ्या बेटावरून येणारा पर्यटक ही लेव्ही भरत नाही. कचरा काय फक्त परदेशी लोकच करतात?

कोकणकडा

@तिखटमीठ, तो दहा टक्के कर जिल्ह्याकडे जातो. कुटा, सेमिन्याक, उलुवातू हा सगळा भाग बाडुंग जिल्ह्यात येतो, त्यामुळे बाडुंग श्रीमंत. डोंगरातल्या बांगली जिल्ह्याला फार थोडं मिळतं. पण पाणी कुठून येतं? बालीची ती प्रसिद्ध भातशेती 'सुबक' नावाच्या पाणीवाटप संस्थांवर चालते, युनेस्कोने २०१२ मध्ये तिला जागतिक वारशात घेतलं. डोंगरातल्या तळ्यांचं, झऱ्यांचं पाणी देवळांच्या साखळीतून खाचरांपर्यंत उतरतं. खाली हॉटेलं आणि व्हिला वाढल्या की ताण वरच्या पाण्यावर येतो. म्हणून सगळ्या बेटाचा एक निधी हवा, आणि तो प्रांतच उभा करू शकतो.

लेणीवाला

मी अजिंठ्याला गाइड आहे, बावीस वर्षं झाली. इथे आपल्याला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६००. त्यामुळे दुसऱ्या देशाने आपल्याकडून जास्त घेतले म्हणून मी तरी रागावणार नाही.

पण सांजवात यांची गोष्ट वाचून मला गेल्या हिवाळ्यातलं एक जोडपं आठवलं. दोघंही सत्तरीच्या पुढचे. फर्दापूरहून बसने वर आले, खिडकीशी थांबले. कुणीतरी त्यांना बोर्डावरचा कोड स्कॅन करून भरायला सांगितलं. त्यांचं परदेशी कार्ड आपल्या साइटवर चालेना. बाई फोन उन्हापासून आडोशाला धरून उभ्या होत्या, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. वीस मिनिटं. शेवटी खिडकीवर रोख भरून आत गेले. खिडकी होती म्हणून गेले.

आपल्याकडे परदेशी पाहुण्याने ऑनलाइन भरलं तर पन्नास रुपये कमी लागतात. ही पद्धत मला बरी वाटते. ज्याला जमतं तो आधी भरेल, त्याला थोडी सूट द्या. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवा आणि तिथे बोलायला माणूस बसवा.

कोकणकडा

बाली विमानतळावर काउंटर आहे की. आधी भरणं चांगलं म्हणतात, पण उतरल्यावरही भरता येतं.

सांजवात

ते मला त्या रात्री माहीत असतं तर मी एक वाजेपर्यंत जागलेच नसते! सगळीकडे 'निघण्यापूर्वी भरा' एवढंच लिहिलेलं. काउंटरचा उल्लेख शोधून काढावा लागतो.

भातखाचर

मी सहा वर्षं बालीतच, उबुदजवळ राहते, नवऱ्याची नोकरी इथे आहे. माझ्याकडे निवासी परवाना असल्याने मला लेव्ही माफ आहे, पण येणारा प्रत्येक पाहुणा मला याबद्दल विचारतो.

इथली खरी अडचण वसुलीची आहे. २०२४ मध्ये साठ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले, त्यातल्या साधारण एकतृतीयांश लोकांनीच लेव्ही भरली. विमानतळावर प्रत्येकाला अडवत नाहीत. कधीतरी एखाद्या देवळाबाहेर किंवा पर्यटनस्थळी तपासणी होते. म्हणजे सांजवात यांच्यासारखी माणसं रात्री जागून भरतात आणि बाकीचे तसेच फिरून परत जातात. हे मला जास्त खुपतं.

पैशांची गरज नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने जानेवारीत कुटाच्या किनाऱ्यावर यावं. पावसाळी वाऱ्याने समुद्र रोज प्लास्टिक आणून टाकतो. सकाळी सहाला माणसं दंताळी घेऊन ओढत असतात, दुपारी पुन्हा तेवढंच. त्यात नदीतून आलेला इथलाच कचराही पुष्कळ असतो, @तिखटमीठ यांचं तेवढं म्हणणं खरं आहे.

पण हे बेट पाहुण्यांसाठी काय सोसतं आणि स्वतःचं काय राखतं तेही पाहा. इथेही शक संवत चालतो, आपल्यासारखाच. २०२५ मध्ये २९ मार्चला न्येपी होता, इथलं नवं वर्ष, शक १९४७. दुसऱ्याच दिवशी मी घरात गुढी उभारली, शके १९४७ ची. न्येपीला चोवीस तास दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद. जगातून लोक येतात अशा ठिकाणी दिवसभर विमानं थांबवायची हिंमत या लोकांत आहे. त्यांनी आठशे रुपये मागितले तर मी म्हणेन, द्या. फक्त सगळ्यांकडून घ्या.

तिखटमीठ

हे मात्र पटलं. एकतृतीयांश लोकच भरत असतील तर ती लेव्ही प्रामाणिक माणसावरचा दंड झाली. आधी नीट वसूल करा, नाहीतर बंद करा.

सांजवात

@कोकणकडा, प्रांत आणि केंद्र हा मुद्दा मला ठाऊक नव्हता, तो मान्य. तरी ईव्हिसाच्या पानावर शेवटी एक खूण करायची चौकट देऊन पैसे थेट प्रांताच्या खात्यात पाठवणं अशक्य नसावं. एकाच देशाची दोन सरकारं आपसात हिशोब करू शकत नाहीत म्हणून पंचाहत्तरीच्या माणसाने दोन साइट शोधायच्या, हे मी अजूनही मानायला तयार नाही.

पुढे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवते. इंडोनेशियाच्या सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट 'डॉट जीओ डॉट आयडी' असा असतो. तो नसेल तर पैसे भरू नका. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बाबांचं कार्ड त्यामुळेच चालत नव्हतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आधी सुरू करा, काम झालं की पुन्हा बंद करा.

कोकणकडा

चौकटीची कल्पना चांगली आहे. तिकिटात नको, पण ईव्हिसाच्या पानावर चालेल. काउंटरची माहिती ठळक द्यायला हवी, हेही मान्य.

पिंपळपान

सगळं वाचलं. आम्ही डिसेंबरमध्ये जातोय, बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल. त्याची पण भरायची का?

भातखाचर

हो, त्याचीही भरायची. वयाची सूट नाही, दीड लाख रुपियाच. त्याच्या पासपोर्टच्या नंबरवर वेगळा कोड येईल. मधे शेजारच्या लोंबोक बेटावर जाऊन परत बालीत आलात तर पुन्हा भरू नका, इंडोनेशिया सोडेपर्यंत एकदाच.

तिखटमीठ

पाच महिन्यांच्या बाळाकडूनही? हे बदलायलाच हवं.

कोकणकडा

यावर मी तुमच्या बाजूने आहे.