कुस्तीसाठी मुलाचं जेवण तोडलंय, वर माकडांच्या प्रयोगाचा दाखला

प्रश्न (पंचवटी): नमस्कार. मुलगा तेरा वर्षांचा, दीड वर्षापासून तालमीत जातो. खालच्या वजनगटात बसावा म्हणून रात्री अर्धीच भाकरी खायला सांगितलंय. उरलेली अर्धी पोरगं मुकाट्यानं टोपल्यात परत ठेवतं. दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलनं त्याच्या उंचीची खूण करतो. गुढीपाडव्याची आणि दिवाळीची खूण जवळजवळ एकच आहे. काळजी बोलून दाखवली, तर तालमीतल्या एका पालकानं मेसेज पाठवला, "माकडांना कमी खायला दिलं, ती जास्त जगली." खरंय का हे?

उत्तर (गंगापूर रोड, निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका): ताई, मेसेज अर्धवट आहे. ऱ्हीसस माकडांवर असे दोन मोठे प्रयोग अमेरिकेत झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८९ पासून आहार सुमारे ३० टक्क्यांनी कमी केला, पण ती माकडं सात ते चौदा वर्षांची, पूर्ण वाढलेली होती. जास्त जगली ती हीच.

दुसरा प्रयोग राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेनं १९८७ मध्ये सुरू केला. त्यात वयात न आलेली पिल्लंही होती. तुमचं लेकरू त्यांच्याच रांगेत बसतं. कमी खाणाऱ्या नर पिल्लांचं वजन मागे राहिलं, हाडांची वाढ लांबली, वयात यायला साधारण वर्षभर उशीर झाला. माकडाचं एक वर्ष म्हणजे आपली जवळपास तीन! तरी त्यांना जीवनसत्त्वं आणि खनिजं वरून दिली जात होती. अर्ध्या भाकरीबरोबर तुमच्या मुलाचं ते सगळंच जातंय. अन्न तुटलं की शरीर आधी वाढीवरचा खर्च थांबवतं.

एवढं सोसून आयुष्य तरी वाढलं का? २०१७ मध्ये दोन्हीकडचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा फायदा दिसला तो मोठेपणी आहार कमी केलेल्यांना. लहानपणापासून उपाशी ठेवलेल्यांना नाही.

उत्तर (सिडको): वहिनी, माझ्या मुलाला मी वरच्या गटात उतरवलं. पहिल्या वर्षी सगळ्या कुस्त्या हरला, पण अंगानं भरला. बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. जाताना चौकटीवरच्या खुणा तारखांसकट लिहून न्या, त्यांना त्याच लागतात.

पंचवटी: टेप लावून मोजल्या. सात महिन्यांत अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. आज पिठलं केलं होतं, दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यानं. उद्या तालमीत मी स्वतः बोलणार आहे.