घरचा केळ्याचा जाम: ज्यांनी केलाय त्यांनी लिहा

साखरांबा, मुरांबा, आंब्याचा जाम यांवर दर मे महिन्यात भरभरून लिहिलं जातं. केळ्याच्या जामबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. केळं बारमाही, त्यातून स्वस्त, आणि जास्त झालं तर शिकरण आहेच. पण फण्याच्या फण्या एकाच दिवशी काळे ठिपके धरतात तेव्हा माणसं शिकरण तरी किती खाणार? म्हणून हा धागा.

कुठेतरी वाचलेलं नको, स्वतःच्या शेगडीवर झालेलं सांगा. केळं कोणतं होतं, आंबट काय घातलं, किती टिकला आणि घरात शेवटी कुणी खाल्ला, एवढं तरी हवंच. नुसतं ‘मस्त झाला होता’ लिहून पळू नका.

सुरुवात माझ्यापासून. मी पुण्याची. आमच्याकडे जाम होतो तो सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी. येणारा प्रत्येक जण केळी घेऊन येतो, त्यामुळे पूजा संपते आणि केळी संपत नाहीत. अर्धा किलो कुस्करलेला गर, 350 ग्रॅम साखर, दोन रसरशीत लिंबं. सोलल्या सोलल्या लिंबू पिळते, नाहीतर साखर मोजेपर्यंत गर तपकिरी पडतो. वेलदोडा घालत नाही. घातला की तो जाम राहत नाही, प्रसाद होतो. बरणी फ्रिजमध्ये. खाणारे मी आणि कामाला येणाऱ्या मावशी. घरच्या पुरुषमंडळींना जाम म्हटलं की दुकानातलाच हवा.

आता तुम्ही.

रावेर, जि. जळगाव

आमच्याकडे केळी डझनावर कुणी मोजत नाही, क्विंटलवर मोजतात. त्यामुळे ‘केळी उरली’ याचा अर्थही वेगळा. कापणीला व्यापाऱ्याची माणसं वावरात येतात, घड उतरवतात, फण्या सोडवून धुतात, खोक्यांत भरतात. आखूड बोटांची, जोडकेळ्यांची, सालीवर डाग पडलेली फणी बाजूला फेकतात. त्या ढिगातल्या केळ्याला चवीत काडीची खोट नसते, नुसता चेहरा नसतो. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण या ढिगाचं नशीब तेच. बरंचसं गुरांपुढे जातं. त्यातल्या निवडक फण्या मी घरी आणते आणि पोत्यात गुंडाळून पिकवते.

वादळात झाडं आडवी झाली तर त्या केळ्यांचा जाम करायला जाऊ नका. भरण पुरती झालेली नसते, त्यामुळे ती नीट पिकतच नाहीत, नुसती मऊ पडतात. त्यांचे वेफर्स करावेत.

बाग आमची जी-९ ची, म्हणजे ग्रँड नैनची. गोड भरपूर, आंबट काहीच नाही. मी किलोभर गराला 700 ग्रॅम साखर आणि चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, सायट्रिक ॲसिड घेते. लिंबू स्वस्त असेल तेव्हा लिंबू. ॲसिड पाण्यात विरघळवून शेवटी घालायचं.

खरं सांभाळायचं ते पुढे. हा जाम उडतो. साखर विरघळते तेव्हा तो पातळ होऊन निमूट उकळतो, आपण बेसावध होतो. मग घट्टपणा आला की रटरटायला लागतो आणि एकेक गोळा थेट मनगटावर येऊन चिकटतो. साखरेचा चटका, पुसला तरी निघत नाही. मी लांब दांड्याचा लाकडी कालथा वापरते, हाताला जुनं फडकं गुंडाळते आणि कढईवर पिठाची चाळणी तिरकी धरते. बुडाला रेघ ओढून पाहायची. रेघ लगेच भरून आली तर अजून वेळ आहे. रेघेत कढईचं बूड क्षणभर उघडं दिसलं, बुडबुडे कमी होऊन मोठे फुटायला लागले, की बशीत थेंब टाकायचा. बशी गार झाल्यावर तिरकी केली आणि थेंब जागचा हलला नाही, तर उतरवायचा.

सासूबाई आधी म्हणाल्या, “हा काय शिरा म्हणायचा का हलवा?” आता दशमीसोबत त्याच सगळ्यांत जास्त खातात. पाहुण्यांना मात्र आपण होऊन सांगत नाहीत की हे केळं आहे.

नागपूर

एवढा गॅस जाळण्यापेक्षा शिकरण करा, पोळीबरोबर ओरपा आणि मोकळे व्हा.

(धाग्यात एक तरी असा प्रतिसाद यायचाच होता. दादा, शिकरण दुसऱ्या दिवशी खाऊन दाखवा. – धागाकर्ती)

आगाशी, वसई

इथे केळ्याच्या जामची विचारपूस चाललीय असं कळलं, म्हणून आमच्याकडच्या राजेळी जातीच्या केळ्याबद्दल लिहितो. त्याचा जाम करू नये. राजेळीचा जाम म्हणजे पैठणीचं पायपुसणं. हे केळं मुळात घट्ट, कमी पाण्याचं. त्याची सुकेळीच व्हायला हवी. पूर्ण पिकू द्यायचं, सोलायचं, कडक उन्हात मांडवावर घालायचं, रोज उलटायचं, संध्याकाळी आत घ्यायचं. आठवडाभरात ते आकसून मधाच्या रंगाचं होतं आणि स्वतःच्याच साखरेने चिकट लागतं. मग केळीच्या वाळल्या पानात बांधायचं. वरून साखरेचा दाणा नाही, थेंबभर आंबट नाही. वाड्या कमी झाल्या, इमारती आल्या, गच्च्यांवर धूळ बसते. त्यामुळे करणारी घरंही कमी झाली.

जाम करायचाच तर वेलची केळ्याचा करा. आमच्या घरी तो होतो आणि त्यात मोडकी सुकेळी बारीक चिरून शेवटच्या पाच मिनिटांत टाकतात. चावताना मध्येच एक चिवट, गोड तुकडा लागतो. सुकेळीची गोडी धरून साखर निम्म्यावर आणायची. असा जाम फ्रिजबाहेर ठेवायचा नाही.

ठाणे

माझा अनुभव जामपेक्षा मुलाचा आहे. पहिलीत होता तेव्हा हौसेने केलेला जाम पोळीला लावून डब्यात दिला. डबा तसाच परत. कारण विचारलं तर, “जाम लाल असतो.” चव घेतलीसुद्धा नव्हती. पुढच्या वेळी शिजताना बिटाचा एक तुकडा टाकला आणि उतरवायच्या आधी काढून घेतला. डबा चाटूनपुसून परत. नवरा म्हणतो ही फसवणूक आहे. असेल. डबा भरायला सकाळी सहाला तो उठत नाही.

फळप्रक्रियेच्या कारखान्यात नोकरी, सध्या नाशिक

ठाण्याच्या ताईंना एक सांगतो. मिक्स फ्रूट जामच्या बाटलीमागची यादी एकदा भिंगातून वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या यादीत केळ्याचा गर असतोच, कारण तो स्वस्त, बारमाही आणि अंगाला दाट. तुमचा मुलगा आधीपासून केळ्याचाच जाम खात होता, फक्त त्याला लाल रंग होता.

आता वरच्या कृतींमागचं थोडं. जाम टिकतो तो दोन गोष्टींवर, साखर आणि आंबटपणा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जाममध्ये विद्राव्य घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः साखरच, निदान 65 टक्के लागतात आणि फळ निदान 45 टक्के. रावेरच्या ताईंचं गणित घ्या. पिकलेल्या केळ्याच्या किलोभर गरात साधारण 220 ग्रॅम साखर वगैरे मुळातच असते. वरून 700 ग्रॅम. झाले 920. हे 65 टक्के यायला एकूण जाम साधारण 1400 ग्रॅम उरायला हवा. म्हणजे 1700 ग्रॅम चढवून 300 ग्रॅम पाणी उडवायचं. घरी वजनकाटा असेल तर बशीपेक्षा हा हिशोब पक्का. कढईचं वजन आधी करून ठेवा.

तापमापी असेल तर समुद्रकाठी 105 अंश सेल्सिअसला जाम झाला समजतात. खरा नियम असा की, तुमच्या गावी पाणी जितक्या अंशांना उकळतं त्याच्या 5 अंश वर. पुण्यात पाणी साधारण 98 ला उकळतं, म्हणून तिथे 103. पुणेकर 105 ची वाट बघत बसले तर बरणीत जाम नाही, गोळी निघेल.

आंबटाबाबत हयगय नको. केळ्याचा सामू (पीएच, हा जितका कमी तितका पदार्थ आंबट) साडेचार ते पाचच्या घरात, काही केळ्यांत त्याहून किंचित वर. 4.6 च्या वरचा पदार्थ बरणीत बंद करून बाहेर ठेवणं धोक्याचं असतं, कारण तिथे बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. जामला सामू साडेतीनच्या खाली आणतात. लिंबू ‘चवीपुरतं’ नाही, ते सुरक्षेचं आहे. आणि ज्यांनी साखर कमी केलीय त्यांनी फ्रिज सोडायचा नाही; वसईच्या काकांनी ते बरोबर लिहिलंय.

बार्देश, गोवा

आमच्या मोयर्‍याच्या केळ्यांचा उल्लेख कुणीच केला नाही! हातभर नसली तरी मनगटाएवढी जाड, टोकदार, साल जून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात आणि भाव ऐकून बाहेरचा माणूस पुढे सरकतो. या केळ्यांची फिगाद करतात. जाम जिथे थांबतो तिथून ती सुरू होते, असं समजा. गर आणि साखर इतकी आटवायची की गोळा कढईच्या कडा सोडतो. मग तूप लावलेल्या ताटात थापून वड्या. पेरूच्या पेरादीची बहीण.

माझी आई तासाभराने फिगाद काढायची, तेव्हा ती लालसर तपकिरी व्हायची. रंग कुणी घालत नाही. तो येतो कुठून हे नाशिककर सांगतील का?

फळप्रक्रियेच्या कारखान्यात नोकरी

सांगतो. थोडा रंग साखर भाजल्याचा. पण गुलाबी-लाल झाक वेगळी. केळ्यात तुरटपणा देणारी द्रव्यं असतात. आंबटाच्या संगतीत जास्त वेळ शिजली की त्यांच्यातून लाल रंगद्रव्य तयार होतं. घरी लिंबू घालून मंद आचेवर तास-दीड तास ठेवलं तरी दिसतं. जाम बिघडला म्हणून कुणी टाकून देऊ नका. पिवळा हवा असेल तर पसरट भांडं, मोठी आच, थोडा थोडा घाणा.

म्युनिक

इथे एकच केळं, पिवळंधम्मक, सगळी एका मापाची. त्याला वास बेताचाच. इथल्या दुकानात गेलियरत्सुकर नावाची साखर मिळते, तिच्यात पेक्टिन (जाम घट्ट करणारं द्रव्य) आणि आम्ल आधीच मिसळलेलं. दोन भाग फळाला एक भाग साखर, चारेक मिनिटं खळखळून उकळायचं, की झालं. रटरट नाही, चटका नाही. पण केळ्याचा जाम नुसता केला तर लहान बाळाच्या खाण्यासारखा लागतो. इथे आंबट चेरीचा आणि केळ्याचा रस एकत्र करून पितात, किबा म्हणतात त्याला. त्यावरून मी निम्मी आंबट चेरी, निम्मं केळं घेतलं. शेजारच्या आजींनी बरणी रिकामी करून धुऊन परत दिली आणि दुसऱ्या बरणीचं विचारलं. सासरी फोनवर सांगितलं तर म्हणाले, चेरीचा जाम आहे, केळ्याचा कशाला म्हणतेस?

अर्धापूर, नांदेड

आमचा बचत गट विकतो, म्हणून तुमच्यापेक्षा आमच्या अडचणी निराळ्या. गिऱ्हाईक बाटली उलटीपालटी करून बघतं. वरचा बोटभर थर काळपट दिसला की ठेवून देतं. तो हवेमुळे होतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटल्यांत गरम जाम गळ्यापर्यंत भरायला लागलो, तेव्हा तो थर गेला. प्लॅस्टिकची बाटली गरम माल घेत नाही, वाकडी होते.

दुसरं, नुसत्या केळ्याचा जाम लोक चाखतात, छान म्हणतात आणि अननसाचा विकत घेतात. म्हणून आता आम्ही केळ्यात चौथा हिस्सा अननस घालतो. आंबटपणा आपोआप येतो, वासही येतो. ॲसिड लागतंच, पण कमी. नाव ‘केळी-अननस’. अननस-केळी लिहिलं असतं तर आणखी खपला असता असं आमच्या अध्यक्षांचं म्हणणं आहे.

कुडाळ, सिंधुदुर्ग

लिंबू, ॲसिड, अननस, सगळं वाचलं. आमच्याकडे रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, असताना लिंबू कोण विकत आणणार? मे महिन्यात ताज्या रतांब्याच्या साली बिया काढून बारीक चिरायच्या, वाटीभर पाण्यात शिजवायच्या आणि गाळून तो लाल रस केळ्याच्या गरात. किलोला दहा-बारा मोठे रतांबे. रंग असा येतो की ठाण्याच्या मुलाला बीट लागणार नाही. चवीत शेवटी किंचित तुरट ओढ राहते, ती मला आवडते, बायकोला नाही. आम्ही थोडाच करतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो.

रावेर, जि. जळगाव

कुडाळच्या दादा, आमच्याकडे रतांबे कुठले? दुकानात बाटलीतला आगळ मिळतो. तो चालेल का?

कुडाळ, सिंधुदुर्ग

नको वहिनी. आगळ मिठात मुरवलेला असतो, जाम खारट होईल. नेहमीची सुकी सोलंही बहुतेक मीठ लावलेलीच. बिनमिठाची सोलं मिळतात का ते दुकानदाराला विचारा, ती रात्रभर भिजवून तो रस वापरा. आणि जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) किंवा बिनकल्हईच्या पितळेच्या कढईत करू नका, आंबटाने कळकतं. स्टील घ्या, जाड बुडाचं.