पेटंट नियमांच्या मसुद्यावर हरकत कशी लिहायची?

मीनल, कोथरूड (सप्टेंबर २०२३)
नमस्कार. पेटंटचं नवं विधेयक येतंय आणि औषधांच्या पेटंटला विरोध करणं अवघड होणार, असं कळलं. आमचा टीबी रुग्णांसाठी काम करणारा छोटा गट आहे, वकील परवडत नाही. हरकत कुठे पाठवायची? सह्यांची मोहीम चालेल का?

कलम२५
आधी एक दुरुस्ती: हे विधेयक नाही, नियमांचा मसुदा आहे. संसदेत चर्चा होऊन तो थांबेल याची वाट बघू नका. पेटंट कायद्याच्या कलम १५९ खाली केंद्र सरकार नियम करतं आणि राजपत्र लोकांना उपलब्ध झाल्यापासून ३० दिवसांतच हरकती घेतं. त्या दिल्लीला, उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या सचिवांकडे जातात. मुंबईच्या पेटंट कार्यालयात देऊ नका, नियम करणं त्यांच्या हातात नाही.

सह्या जोडा, पण भर त्यावर नको. "औषधं महाग होतील" एवढंच लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. नियम क्रमांक, मसुद्यातले शब्द, ते कायद्याच्या कुठल्या शब्दांशी भिडतात आणि त्याजागी कोणते शब्द हवेत, हे चारही एकाखाली एक लिहा.

तुमचा मुख्य मुद्दा नियम ५५. मंजुरीपूर्व विरोध, म्हणजे पेटंट मंजूर होण्याआधीच केलेला विरोध, ग्राह्य आहे की नाही हे पेटंट कार्यालयाचा नियंत्रक आधी ठरवणार, शिवाय त्याला शुल्क लागणार. आजवर या विरोधाचा फॉर्म ७-ए फुकट होता. आता कलम २५ उघडा. पोटकलम (१) म्हणतं "कोणतीही व्यक्ती", आणि मंजुरीनंतरच्या विरोधासाठी पोटकलम (२) म्हणतं "हितसंबंधित व्यक्ती". संसदेने दोन ठिकाणी मुद्दाम दोन वेगळे शब्द वापरले आहेत. पहिलं दार नियमाने अरुंद करता येत नाही. हरकतीचा कणा हाच ठेवा.

पाषाणचा केमिस्ट
दुसरी बाजूही ऐका. एकाच अर्जावर वेगवेगळ्या नावांनी, एकामागून एक विरोध टाकले जातात. प्रत्येकाला उत्तर, प्रत्येकाची सुनावणी. पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे हा वेळ अर्जदाराचाच जातो. छोट्या स्टार्टअपला ते झेपत नाही.

कलम२५
तक्रार खरी आहे, आणि हरकतीत ती मान्य करावी. पण शुल्काने ती सुटत नाही. स्पर्धक कंपनी पैसे भरून मोकळी होईल, अडेल तो रुग्ण गट. पर्याय सुचवा: एका अर्जावरचे सगळे विरोध एकत्र ऐकावेत, सुनावणीला मुदत घालावी, आणि निवेदन अग्राह्य ठरवायचं असेल तर निकष फक्त कलम २५(१) मधली (क) ते (ट) ही ११ कारणं असावीत, तेही लेखी कारणांसह.

उदाहरण एकच द्या, पण नेमकं. बेडाक्विलिन या टीबीच्या औषधाच्या फ्युमरेट क्षारावरचा (त्याच औषधाच्या एका रूपावरचा) पेटंट अर्ज मुंबई कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये नाकारला. विरोध करणाऱ्यांत नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिसिले या टीबीतून बऱ्या झालेल्या दोघी होत्या. मूळ पेटंट यंदा जुलैत संपलं, हा क्षार मंजूर झाला असता तर मक्तेदारी लांबली असती. अशा माणसांना दाराशीच अडवायचं का, हे विभागाला थेट विचारा.

नारायण पेठ
फॉर्म २७ सुटला. भारतात पेटंटचा वापर होतोय का, याचं हे निवेदन सध्या दर आर्थिक वर्षाला द्यावं लागतं. मसुद्यात ते तीन वर्षांतून एकदा आहे. कलम ८४ खालचा सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देणारा) मागायचा तर ही माहितीच हाताशी लागते. २०१२ मध्ये नेक्साव्हर या कर्करोगाच्या औषधाचा असा परवाना मिळाला तेव्हा महिन्याचं २,८०,००० रुपयांचं औषध ८,८०० वर आलं. शिळ्या आकड्यांवर असा अर्ज उभा राहत नाही. "दरवर्षी" हा शब्द कायम ठेवा, असं स्वतंत्र परिच्छेदात मागा.

मीनल, कोथरूड
खूप आभार. हरकत मराठीत दिली तर चालेल?

कलम२५
मराठी प्रत जरूर जोडा, पण मूळ हरकत इंग्रजीत किंवा हिंदीत द्या. ईमेलसोबत स्पीड पोस्टनेही पाठवा आणि पावती जपा. दोन-तीन पानं पुरेत. दुसऱ्या संस्थेचा मजकूर जसाच्या तसा उचलू नका, एकसारखी पत्रं एकच हरकत म्हणून धरली जाण्याचा धोका असतो.