रिव्हर्ट, डाऊट, प्रीपोन: चुका की आपली इंग्रजी?

अनघा: ऑफिसच्या मेलमधलं 'प्लीज रिव्हर्ट' बंद करा, असं माझं ठाम मत आहे. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणं. प्रोग्रामच्या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये रिव्हर्ट केलं की आधीचा बदल उलटवणारी नवी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, तयार होते. परदेशातल्या डेव्हलपरला 'प्लीज रिव्हर्ट ऑन द प्राइस चेंज' लिहिलंत, तर उत्तर यायच्या ऐवजी साइटवर जुनी किंमत परत येईल. सरळ 'रिप्लाय' लिहा.

'डाऊट'चा घोळ तर मराठीतूनच आलाय. आपण शंका विचारतो आणि शंका घेतोही. इंग्रजी डाऊट घेण्यापुरताच. 'आय हॅव अ डाऊट अबाउट युअर रिपोर्ट' वाचून लंडनचा माणूस समजणार की अहवालावर तुमचा विश्वास नाही. विचारायचं असेल तर 'क्वेश्चन'.

मिलिंद: डाऊटचं पटलं. रिव्हर्टचं नाही. सिंगापूर, मलेशियातही रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं असंच चालतं. इतक्या लोकांचा रोजचा वापर चूक कसा?

आणि याच न्यायाने लोक 'प्रीपोन'ला, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणण्याच्या शब्दाला, हाकलतात, ते तर अजिबात पटत नाही. 'बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड' म्हटलं की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही कुणी सोमवार धरतो, कुणी शुक्रवार. प्रीपोनमध्ये सोमवारच. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे, १९१३च्या न्यूयॉर्क टाइम्समध्येही आढळतो. उलट खुद्द ब्रिटिश-अमेरिकनांचं 'टेबल' बघा: ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांत लांबलचक वाद झाला, चर्चिलनेच तसं लिहून ठेवलंय.

अनघा: मिलिंदजी, टेबलचा दाखला माझ्याच बाजूचा झाला. दोघांचंही इंग्रजी बरोबर होतं, तरी वाद झालाच ना? प्रीपोन कोशात असला तरी अमेरिकेत बहुतेकांनी ऐकलेला नसतो. जुनी-नवी वेळ दोन्ही लिहा: 'बुधवार ११ ऐवजी सोमवार ११'.

शिरीष: बायोडेटातलं '२०१९ पासआउट' राहिलं. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड असते, तो ब्रिटिश लष्करी वापर अगदी बरोबर. पण एरवी पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. पदवीसाठी 'ग्रॅज्युएटेड इन २०१९'.

मिलिंद: शिरीषराव, परदेशी अर्जात जरूर बदला. पण पुण्याहून नाशिकच्या पुरवठादाराला मेल जाताना रिव्हर्टचा अर्थ दोघांनाही एकच कळतो. तिथे तो बरोबरच.

अनघा: तोच मेल उद्या जर्मनीच्या ग्राहकाला फॉरवर्ड होतो, खालच्या सगळ्या साखळीसकट.