स्कूबा डायव्हिंगचा इन्स्ट्रक्टर व्हायचंय: पॅडी, एसएसआय की आणखी कुणी?

खडपावरचा
डाइव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी) झालेल्या पोरांना तारकर्ली-मालवणात काय नि गोव्यात काय, एकच सल्ला मिळतो: डोळे मिटून पॅडी कर. मला तो पटत नाही. आधी काम कुठे करणार ते ठरवा, एजन्सी (पॅडी, एसएसआयसारखी डायव्हिंगची कार्डं देणारी संस्था) त्यामागून येते. सेंटर एसएसआयचं असेल, तर पॅडीच्या कार्डावर तिथे एसएसआयचा कोर्स शिकवता येत नाही. दर्जाचं म्हणाल तर दोघांचेही इन्स्ट्रक्टर आयएसओ २४८०२-२ या मानकात बसतात. वाद उरतो तो पैशाचा नि सोयीचा.

पॅडीत कोटेशनचा पहिला आकडा फसवा असतो. आयडीसीची (इन्स्ट्रक्टर घडवणाऱ्या कोर्सची) फी वेगळी, पुस्तकं-साहित्य वेगळं, परीक्षेची फी थेट पॅडीला, त्यावर अर्जाचे पैसे, ईएफआर (प्रथमोपचार) इन्स्ट्रक्टरचा कोर्स आणि दरवर्षीचं नूतनीकरण. विद्यार्थ्याचं ई-लर्निंगही आधी विकत घ्यावं लागतं. एसएसआयमध्ये साहित्य डिजिटल आहे आणि हिशेब सेंटरमार्फत होतो. नवशिक्याला ते झेपतं.

दर्यावर्दी_७
असहमत. 'सेंटरमार्फत' हीच तर मेख आहे! एसएसआयचा इन्स्ट्रक्टर सेंटरशी जोडलेला असल्याशिवाय कुणाला सर्टिफाय करू शकत नाही. मालकाशी बिनसलं किंवा पावसाळ्यात सेंटर बंद पडलं, की कार्ड खिशात आणि हात रिकामे. पॅडीचा इन्स्ट्रक्टर स्वतःच्या नावावर विद्यार्थी नोंदवू शकतो.

दुसरं, उलटा प्रवास महाग पडतो. पॅडीकडून एसएसआयला जाताना क्रॉसओव्हर (एजन्सी बदलायचा कोर्स) तुलनेने छोटा असतो. एसएसआयकडून पॅडीला यायचं तर आयडीसीचा इन्स्ट्रक्टरवाला भाग आणि पूर्ण परीक्षा, दोन्ही द्यावं लागतं. एकदाच खर्च करायचा तर अवघड बाजू आधी उरकावी.

आणि पॅडीची परीक्षा तुम्हाला शिकवणारा कोर्स डायरेक्टर घेत नाही, पॅडीचा परीक्षक येतो. आपल्याच पोराला पास करायची सोय नाही.

गढूळपाणी
दोघेही बोर्डावरच्या नावावर भांडताय. लोक नापास कुठे होतात ते बघा.

पॅडीची थिअरी पाच विषयांची: भौतिकशास्त्र, शरीरक्रिया, उपकरणं, डीकॉम्प्रेशन, कौशल्यं व पर्यावरण. प्रत्येकात ७५ टक्के हवेत. भौतिकशास्त्रात हमखास पाय घसरतो तो बुडालेली वस्तू हवा भरून उचलण्याच्या गणितात. वस्तू १०० किलोची, समुद्राचं पाणी बाजूला सारते ६० लिटर. समुद्राचं पाणी लिटरला १.०३ किलो, म्हणून उद्धरण (पाण्याचा वर ढकलणारा जोर) ६० × १.०३ = ६१.८ किलो, म्हणजे कमी पडतात ३८.२ किलो. इथेच थांबून '३८ लिटर हवा' लिहितात. ३८.२ ला पुन्हा १.०३ ने भागायचं, उत्तर ३७.१ लिटर. आणि ही ३७.१ लिटर त्या खोलीवरची. ३० मीटरवर दाब ४ बार, तेव्हा पृष्ठभागावरची हवा सुमारे १४८ लिटर.

पाण्यातल्या सादरीकरणात सोबतचे उमेदवार विद्यार्थी होतात आणि परीक्षकाने नेमून दिलेल्या चुका करतात: मास्क साफ करताना नाकाऐवजी तोंडाने हवा सोडणं, रेग्युलेटर शोधताना खांदा न झुकवणं. कौशल्य सुरेख दाखवलंत पण चूक नजरेतून सुटली तर गुण गेले. विद्यार्थ्याकडे पाठ फिरवलीत तर त्याहून वाईट.

म्हणून ट्रेनरला विचारा: एका तुकडीत किती उमेदवार, प्रत्येकाला पाण्यात किती सादरीकरणं, मूल्यमापनाला दुसरा कोणी आहे का? दहा जणांच्या तुकडीत तुमचा नंबर येईतो टाकी संपते. शिवाय थायलंडच्या निवळशंख पाण्यात शिकून मालवणच्या दोन-तीन मीटर व्हिजिबिलिटीत ओपन वॉटर (नवशिक्याचा पहिला कोर्स) शिकवणं हा वेगळाच विषय आहे. एका इन्स्ट्रक्टरमागे आठ विद्यार्थी ही कमाल मर्यादा आहे, गढूळ पाण्यात आठ नेणं शुद्ध वेडेपणा. चारसुद्धा मला जास्त वाटतात.

लाटांकित
एनएयूआयचं कुणी नावच घेत नाही! १९६० च्या सुमारास सुरू झालेली, ना-नफा तत्त्वावरची संस्था. तिच्या इन्स्ट्रक्टरला किमान निकषांवर स्वतःची भर घालता येते. पॅडीत निकष पूर्ण झाले की प्रमाणपत्र द्यावंच लागतं, 'माझ्या मते अजून दोन डाइव्ह हव्यात' असं अडवता येत नाही. शिकवायची ज्याला हौस आहे त्याला हा फरक मोठा आहे. फ्रान्सकडे जायचं असेल तर सीएमएएस हा आंतरराष्ट्रीय महासंघ बघा.

दर्यावर्दी_७
तत्त्व म्हणून मान्य. पण गोवा, नेत्राणी, अंदमान इथली सेंटरं मोजा आणि एनएयूआयवर किती नोकऱ्या आहेत ते सांगा.

खडपावरचा
उलट प्रवास महाग, हा मुद्दा मान्य. ज्याला अंदमान, मालदीव असं फिरत राहायचंय त्याने पॅडी करावं. पण घरच्याच किनाऱ्यावर, ठरलेल्या सेंटरला राहणाऱ्याने दुसऱ्याच्या भविष्याचा खर्च का उचलावा? इथे गोव्याचं ग्रँड आयलंड असो की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा खडक, गिऱ्हाईक मुख्यतः डिस्कव्हरचं, म्हणजे कार्ड नसलेल्या पर्यटकाला चव दाखवायच्या डाइव्हचं. सेंटरला इन्स्ट्रक्टर हवा असतो तो त्यासाठीच, कारण पॅडीच्या नियमाने पर्यटकाची समुद्रातली पहिली डिस्कव्हर डाइव्ह इन्स्ट्रक्टरच्या थेट देखरेखीत व्हावी लागते, एकामागे जास्तीत जास्त चार जण. प्रत्यक्षात हे किती ठिकाणी पाळलं जातं ते बंदरावर उभं राहून बघा.

गढूळपाणी
त्या डिस्कव्हरच्या फेऱ्यांवरून एक सांगतो. पॅडीच्या आयडीसीला बसायला ६० नोंदलेल्या डाइव्ह लागतात, परीक्षेला १००, आणि त्यात रात्रीची, खोल व नॅव्हिगेशनची हवी. सर्टिफाइड डायव्हर होऊन सहा महिने झालेले असावेत. वैद्यकीय दाखला बारा महिन्यांच्या आतला, ईएफआर चोवीस महिन्यांच्या आतलं.

पर्यटकाला धरून तीन-चार मीटरवर मारलेल्या पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांनी डाइव्ह नोंदायची वही फुगवू नका. पॅडीच्या प्रशिक्षण डाइव्हची मोजपट्टी अशी: बराचसा वेळ ५ मीटर किंवा खोल, आणि किमान २० मिनिटं किंवा १,४०० लिटर हवा. त्याच मापाने आपली वही चाळली की खरा आकडा कळतो. मे महिन्यात तो ७० निघाला, तर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उरलेल्या ३० होणार नाहीत. एक तर ऑक्टोबरपर्यंत थांबा, नाहीतर थायलंडच्या कोह ताओला जा, तिथे जून-जुलैत समुद्र चालू असतो. पण तिकीट काढायच्या आधी वही मोजा.