मदत हवी आहे: बालीत आईला घेऊन फिरताना परतीच्या टॅक्सीची खात्री कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी, माझे यजमान, सहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई असे आम्ही चौघे गुढीपाडव्याच्या सुट्टीला जोडून आठ दिवसांसाठी बालीला जाण्याचा विचार करत आहोत. तीन दिवस सानूर, तीन दिवस उबुद आणि शेवटचे दोन दिवस नुसा दुआ असा ढोबळ बेत आहे. हॉटेले पाहून ठेवली आहेत, विमानाची तिकिटे मात्र अजून काढलेली नाहीत.

माझा प्रश्न केवळ तिथल्या टॅक्सीविषयी आहे. यजमानांना परक्या देशात गाडी चालवायची नाही आणि आईच्या गुडघ्यांमुळे स्कूटरचा किंवा लांबवर चालण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे दाराशी येणारी आणि दाराशी सोडणारी गाडी हाच आमचा आधार आहे.

एवढी धास्ती घेण्याचे कारणही सांगते. तीन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या बेटावर संध्याकाळी आम्हाला किनाऱ्यावर सोडताना चालकाने "दोन तासांनी इथेच येतो" असे सांगितले, आम्ही भाबडेपणाने जाण्यायेण्याचे दोन्ही पैसे त्याच्या हातात ठेवले, आणि अंधार पडल्यावर त्याचा फोन लागेना. मुलगा खांद्यावर झोपलेला, आई एका बंद टपरीच्या पायरीवर ओला टॉवेल मांडीवर घेऊन बसलेली आणि समोरून जाणारी प्रत्येक गाडी आधीच भरलेली, अशा अवस्थेत सव्वा तास गेला. शेवटी जवळच्या उपाहारगृहाच्या मालकाने स्वतःच्या गाडीतून आम्हाला हॉटेलवर सोडले आणि पैसे घ्यायलाही नकार दिला. तेव्हापासून कुठेही जायचे म्हटले की आईचा पहिला प्रश्न असतो, "जाऊ गं, पण येणार कसे?"

तेव्हा रात्री उशिरा विमानतळावर उतरल्यावर कोणती गाडी घ्यावी, मोबाइलवरून मागवायच्या टॅक्सी तिथे सगळीकडे येतात का, मीटरवर जाणे बरे की आधी रक्कम ठरवणे, आणि मुख्य म्हणजे उबुद किंवा उलुवातूसारख्या ठिकाणाहून संध्याकाळी परत येण्याची सोय आधीच कशी करून ठेवावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. तिथल्या नोटांवरच्या शून्यांनीही मी आताच गोंधळले आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. बालीत जाताना गाडी सहज मिळते, अडचण येते ती परतताना. त्याचे कारण पुढे लिहितो, आधी विमानतळाचे सांगतो.

न्गुराह राय विमानतळाच्या आगमन कक्षातून बाहेर पडताच सामानाच्या ट्रॉलीला हात लावत "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणारे बरेच जण भेटतात, त्यांच्याशी भावाची बोलणी सुरूच करू नयेत. विमानतळाचा अधिकृत टॅक्सी कक्ष आहे, तिथे ठिकाणानुसार रक्कम ठरलेली असते. ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवरूनही गाडी मागवता येते. मात्र रात्रीची वेळ, वयस्कर आई आणि झोपाळलेले मूल असताना मी हॉटेललाच गाडी पाठवायला सांगेन. थोडे जास्त पैसे जातात, पण विमानाला उशीर झाला तरी चालक थांबतो. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा दूरध्वनी आदल्या दिवशी लेखी मागून घ्या.

क्रमांकच मागा, केवळ नाव पुरत नाही. बालीत थोरल्या अपत्याचे नाव बहुधा वायान किंवा पुतू, दुसऱ्याचे मादे, तिसऱ्याचे न्योमान आणि चौथ्याचे कतुत असते, आणि पाचव्यापासून पुन्हा वायान सुरू होते. आम्ही उतरलो तेव्हा पाट्या घेऊन उभ्या असलेल्यांत तीन वायान होते आणि तिघेही तितक्याच अगत्याने हसत होते! बालीतील वाहनांचा क्रमांक 'डीके' या अक्षरांनी सुरू होतो. पुढचे आकडे आणि शेवटची अक्षरे जुळल्याशिवाय सामान डिकीत ठेवू देऊ नका.

आता मोबाइलवरच्या टॅक्सीविषयी. उबरने २०१८ साली आग्नेय आशियातला व्यवसाय ग्रॅबला दिला, त्यामुळे आपल्याकडचे उबर तिथे उपयोगाचे नाही. ग्रॅब आणि गोजेक ही दोन ॲप चालतात. ती घरूनच उतरवून नोंदणी पूर्ण करा, कारण ओटीपी आपल्या भारतीय क्रमांकावर येतो आणि तिकडे पोहोचल्यावर नवे सिम घातले की तोच क्रमांक बंद पडलेला असतो. भाडे रोख देता येते, त्यामुळे कार्ड जोडण्याचा आग्रह धरू नका. शिवाय ग्रॅबमधून प्रवासाचा दुवा घरच्यांना पाठवता येतो, संध्याकाळनंतर तो जरूर पाठवावा.

अडचण अशी की बालीतल्या अनेक गावांत स्थानिक चालकांच्या संघटना आहेत आणि त्यांच्या हद्दीत ॲपच्या गाडीने प्रवासी सोडलेला चालतो, उचललेला चालत नाही. उबुद, चांगू आणि उलुवातू परिसरात तशा पाट्याच लावलेल्या दिसतात. चालक येण्याचे मान्य करतो, मग "दोनशे मीटर पुढे कोपऱ्यावर या" असा निरोप पाठवतो किंवा सरळ रद्द करतो. त्यात त्याचाही दोष नाही, कारण तिथे थांबल्यास हुज्जत त्यालाच घालावी लागते. म्हणून ॲपवर गाडी मिळून तुम्ही उलुवातूला पोहोचलात, याचा अर्थ तिथून परतायला गाडी मिळेल असा मुळीच होत नाही.

सानूर आणि नुसा दुआमध्ये रस्त्यावर थांबवायची असेल तर ब्लू बर्डची फिकट निळी टॅक्सी घ्या. मात्र तोच रंग लावलेल्या इतरही टॅक्सी फिरतात, म्हणून छतावरच्या दिव्यावरचे पक्ष्याचे चिन्ह आणि काचेवरचे नाव दोन्ही पाहा. मीटरला तिथे 'आर्गो' म्हणतात. बसण्यापूर्वी "आर्गो?" एवढा एकच शब्द उच्चारला तरी पुरतो. मीटर बिघडल्याचे उत्तर आले, तर दार बंद करून पुढच्या टॅक्सीची वाट पाहावी.

प्रतिसाद २

नोटांविषयी थोडेसे. एक लाख रुपिया म्हणजे आपले ढोबळमानाने पाचशे ते साडेपाचशे रुपये. लाखाची नोट लाल, पन्नास हजारांची निळी आणि दहा हजारांची जांभळी असते. बोलताना तिथले लोक शेवटची तीन शून्ये गाळतात किंवा त्याऐवजी 'रिबु' म्हणजे हजार म्हणतात, त्यामुळे "शंभर" म्हटले की एक लाख समजायचे. इंग्रजीत बोलताना पंधरा आणि पन्नास यांची हमखास गल्लत होते आणि उतरताना वाद होतो. रक्कम मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर लिहून चालकाला दाखवायची आणि ती माणशी नसून संपूर्ण गाडीची आहे, हेही तेव्हाच विचारून घ्यायचे.

नुसा दुआला जाता-येता समुद्रावरून जाणारा १२.७ किलोमीटरचा बाली मांदारा टोल रस्ता लागू शकतो. मीटरच्या टॅक्सीत तो टोल प्रवाशाने वेगळा द्यायचा असतो, त्यामुळे चालकाने मागितल्यास फसवणूक समजू नये.

प्रतिसाद ३

माझ्या मते उबुद आणि उलुवातूसाठी टॅक्सीचा विचार सोडून चालकासह दिवसभराची गाडी घ्यावी. बालीत ही पद्धत सर्रास आहे. साधारणपणे आठ ते दहा तासांसाठी एक रक्कम ठरते, तीत इंधन धरलेले असते, आणि वेळ वाढल्यास तासाप्रमाणे जादा आकार पडतो. तो आकार सकाळीच विचारून ठेवावा.

उलुवातूच्या मंदिरातला केचाक नृत्याचा कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू होतो. तो संपताच शेकडो प्रेक्षक एकाच वेळी बाहेर येतात आणि तेव्हा आयती गाडी शोधणे म्हणजे तुमच्या मागच्या संध्याकाळची पुनरावृत्ती. आमच्या चालकाने वाहनतळातली जागा दाखवून ठेवली होती, मी तिचा आणि क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढला होता, आणि अंधारात एकसारख्या पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत तोच फोटो कामी आला. (चष्मा मात्र पिशवीत ठेवा, तिथल्या माकडांना चष्म्याचे फार वेड आहे.)

पैसे दिवसअखेरीस हॉटेलच्या दाराशी उतरल्यावरच द्यावेत. आगाऊ रक्कम मागितलीच तर थोडी द्यावी, पण परतीचे भाडे परतीपूर्वी देऊ नये. चालक चांगला निघाला तर पुढच्या दिवसांसाठी त्यालाच सांगावे, अनोळखी माणूस रोज नव्याने पारखण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. मुलासाठी वेगळे आसन टॅक्सीत मिळते का? आणि सानूरहून नुसा पेनिदा बेटावर एक दिवस जावे असे यजमानांचे म्हणणे आहे, तर तिथे पोहोचल्यावर टॅक्सी मिळते का?

प्रतिसाद ४

मुलांचे आसन रस्त्यावरच्या टॅक्सीत नसते असे धरून चाला. दिवसभराची गाडी ठरवताना मागितल्यास काही चालक आणतात, पण त्याचे छायाचित्र आधी मागवावे. निदान मागच्या पट्ट्याचे कुलूप गादीत गाडले गेलेले नाही ना, हे बसण्यापूर्वी तपासावे.

नुसा पेनिदाविषयी स्पष्टच लिहितो. जलद बोट सानूरहून पाऊण तासाच्या आत पोहोचवते, परंतु पुढे ॲपच्या टॅक्सीचा भरवसा धरता येत नाही. धक्क्यावर उतरण्यापूर्वीच चालकासह गाडी ठरलेली हवी आणि परतीच्या बोटीची वेळ त्या चालकाला ठाऊक हवी. रस्ते अरुंद, चढउताराचे आणि ठिकठिकाणी खडबडीत आहेत. केलिंगकिंगचा कडा वरून पाहता येतो, पण तिथपर्यंतचे धक्के आईंच्या गुडघ्यांना मानवतील असे वाटत नाही. मी असतो तर आईंना सानूरच्या किनाऱ्यावरच्या सपाट पायवाटेवर निवांत फिरू दिले असते.

प्रतिसाद ५

गुढीपाडव्याचा उल्लेख कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. बालीतही शक कालगणना चालते आणि तिचे नववर्ष, म्हणजे न्येपी, बहुधा मार्चमध्ये, पुष्कळदा आपल्या पाडव्याच्या आसपास येते. २०२५ साली न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला होता, तर २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच. दर वर्षी असे जुळतेच असे मात्र नाही, म्हणून तुमच्या वर्षाची तारीख पाहून घ्या.

न्येपीच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद असतो, रस्त्यावर टॅक्सीच काय, सायकलही दिसत नाही आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. रुग्णवाहिकेसारखी तातडीची सेवा तेवढी चालू असते. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या राक्षसांच्या भव्य प्रतिमांच्या मिरवणुका निघतात आणि गावोगावचे रस्ते अडवलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी दुपारनंतर हॉटेल बदलण्याचा बेत ठेवू नये. तो दिवस हॉटेलात शांतपणे घालवायचा असेल तर अनुभव सुंदर आहे. मात्र आईंची औषधे आणि मुलाचा खाऊ आदल्या दिवशी सकाळीच घेऊन ठेवा.

धागाकर्ती

तिकिटे काढण्यापूर्वी विचारले हे फार बरे झाले. आम्ही न्येपीनंतर दोन दिवसांनी पोहोचू अशा बेताने निघत आहोत, त्यासाठी पाडव्याची सुट्टी हुकली तरी चालेल. नुसा पेनिदा रद्द केले आहे, यजमान किंचित नाराज आहेत. विमानतळासाठी हॉटेलची गाडी सांगितली आहे आणि उलुवातूसाठी दिवसभराची गाडी घेणार आहोत.

वायान आणि कतुत यांची गोष्ट आईला वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे थोरल्याला पाठवला आहे, एवढेच कळायचे!" प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे आणि काल सरावासाठी आमच्या इमारतीखालच्या चार गाड्यांचे फोटो काढून मला पाठवले, त्यांतल्या दोहोंत तिचे बोट आले आहे.

उबुद परिसरात दिवसभराची गाडी देणारा, आधी स्वतः अनुभवलेला चालक कुणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करावा.